लाभांशाचा पैसा येतो कुठून?

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आणला आणि बँकांचे ठेवींचे दरही त्यामागोमाग उतरले. ज्यांच्या ठेवींची मुदत याच काळात संपली, त्यांना नव्या पावतीवरचा दर पाहून वाईट वाटले असणार. मग बागेतल्या कट्ट्यावर किंवा सोसायटीच्या बैठकीनंतरच्या गप्पांत हमखास एक प्रश्न निघतो : त्यापेक्षा चांगला लाभांश देणारे शेअर घेऊन ठेवले तर? मोबाइलवर तोवर ‘सर्वाधिक लाभांश देणारे दहा शेअर’ अशी यादी येऊन पडलेली असते. त्या यादीतले आकडे बहुधा बरोबरच असतात, पण गेल्या वर्षी किती मिळाले एवढेच ते सांगतात. तो पैसा कुठून आला आणि पुढच्या वर्षी तिथे पुन्हा असेल का, हे यादीत कुठेच नसते. दहा-पंधरा वर्षांसाठी शेअर घेऊ पाहणाऱ्याला मात्र तेवढेच कळायला हवे असते.

पतसंस्थेचा बारा टक्के आणि बाजारातला तीन हजार टक्के

लाभांश म्हणजे कंपनीने आपल्या नफ्यातून भागधारकांना रोख वाटलेला हिस्सा. मराठी घरांत हा शब्द बाजारापेक्षा पतसंस्थेमुळे अधिक परिचयाचा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत बारा टक्के लाभांश मंजूर होतो आणि शंभर रुपयांच्या भागामागे बारा रुपये दिवाळीच्या तोंडावर खात्यात जमा होतात. सहकारी संस्थांच्या लाभांशाला महाराष्ट्राच्या कायद्याने १५ टक्क्यांची कमाल मर्यादाही घातलेली आहे. इथे हिशेब सरळ असतो, कारण भाग शंभरालाच घेतलेला असतो आणि शंभरालाच परत जातो.

शेअर बाजारात हीच सवय अंगाशी येते. शेअरवर छापलेली किंमत, म्हणजे दर्शनी मूल्य, एक, दोन, पाच किंवा दहा रुपये असते आणि बाजारभाव मात्र हजारोंत असू शकतो. एक रुपया दर्शनी मूल्याच्या शेअरवर ३,००० टक्के लाभांश म्हणजे ३० रुपये, आणि तो शेअर तुम्ही ३,००० रुपयांना घेतला असेल तर तुमच्या पदरात पडला एक टक्का. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०१५ च्या नियमावलीनुसार नोंदणीकृत कंपनीने लाभांश प्रतिशेअर रुपयांतच जाहीर करायचा असतो. तरीही बातम्यांच्या मथळ्यांत आणि मोबाइलवरच्या संदेशांत टक्क्यांचा सोस सुटलेला नाही. आपल्या कामाचा आकडा एकच : वर्षभराचा प्रतिशेअर लाभांश भागिले आजचा बाजारभाव. याला या लेखात ‘उत्पन्न दर’ म्हणू. निफ्टी या निर्देशांकातील पन्नास मोठ्या कंपन्यांचा एकत्रित उत्पन्न दर अलीकडच्या वर्षांत साधारण एक ते दीड टक्क्यांच्या दरम्यान राहिला आहे. म्हणजे आठ-दहा टक्क्यांचा आकडा दिसला की तो अपवाद आहे, आणि त्या अपवादाला काहीतरी कारण आहे, असे आधीच धरून चालावे.

लाभांश घेण्यापुरता शेअर आदल्या दिवशी घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी विकायचा, ही युक्ती अनेकांना सुचते. लाभांश कोणाला द्यायचा हे ज्या दिवशीच्या नोंदीवरून ठरते, त्या दिवसाला रेकॉर्ड डेट म्हणतात. आपल्याकडे खरेदी केलेले शेअर पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येत असल्याने खरेदी निदान एक कामकाजाचा दिवस आधी झालेली असावी लागते. पण रेकॉर्ड डेटच्या दिवशी भावही साधारण लाभांशाएवढाच खाली उघडतो. ५०० रुपयांच्या शेअरवर २० रुपये मिळाले आणि शेअर ४८० झाला, तर हाती काहीच वाढले नाही. उलट त्या २० रुपयांवर कर मात्र लागला. कंपनीच्या गल्ल्यातून २० रुपये बाहेर गेले की कंपनीची किंमत तेवढी कमी होणारच.

कणगीतले धान्य आणि बियाणे

शेतकऱ्याच्या घरी यंदा दहा पोती धान्य आले, त्यातले पाच घरात खाल्ले, दोन बियाण्याला ठेवले आणि तीन कणगीत गेले, तर तो संसार नीट चालला आहे. एखाद्या वर्षी दहा पोती आली आणि घरात तीस खाल्ली गेली, तर वीस पोती जुन्या कणगीतून निघाली, किंवा उधार आली. पाहुण्याला पंगत त्या वर्षी झकास वाटते.

जस्त काढणाऱ्या हिंदुस्तान झिंकने २०२२-२३ या वर्षात अशीच पंगत मांडली. चार हप्त्यांत मिळून प्रतिशेअर ७५ रुपये ५० पैसे लाभांश दिला गेला. तेव्हाच्या भावावर हा उत्पन्न दर वीस टक्क्यांच्या पुढे जात होता, त्यामुळे यादीत हा शेअर अग्रभागी झळकला. एकूण वाटप झाले सुमारे ३१,९०० कोटी रुपये आणि त्या वर्षीचा निव्वळ नफा होता सुमारे १०,५०० कोटी. उरलेली रक्कम आधीच्या वर्षांतल्या साठ्यातून आली आणि भागधारकांचा निधी, म्हणजे देणी वजा जाता कंपनीत त्यांचे जे उरते ते, ३४ हजार कोटींच्या आसपास होता तो १३ हजार कोटींच्या आसपास उतरला. कंपनीची सुमारे ६५ टक्के मालकी तेव्हा खाण उद्योगातल्या वेदांता या कंपनीकडे होती, आणि वेदांताच्याही वर असलेल्या लंडनच्या वेदांता रिसोर्सेसला त्या काळात मोठ्या कर्जांची परतफेड करायची होती. वेदांतानेही त्याच वर्षी पाच हप्त्यांत प्रतिशेअर १०१ रुपये ५० पैसे दिले.

यात बेकायदा काही नव्हते आणि छोट्या भागधारकालाही प्रतिशेअर तेवढाच पैसा मिळाला. पण त्या वर्षीचा दर पाहून ज्याने पुढच्या वीस वर्षांचे गणित मांडले असेल, त्याची फसगत ठरलेली होती : २०२३-२४ मध्ये हिंदुस्तान झिंकचा लाभांश १३ रुपयांवर आला आणि वेदांताचा २९ रुपये ५० पैशांवर.

म्हणून पहिली तपासणी ही, की नफ्यातले किती टक्के वाटले गेले. याला वाटप प्रमाण म्हणतात. शंभरातले तीस ते साठ-सत्तर वाटणाऱ्या कंपनीकडे वाईट वर्षासाठी काहीतरी शिल्लक असते. सतत नव्वदच्या वर वाटणारी कंपनी दोनच प्रकारची असू शकते : एक, जिला धंदा वाढवायला फारसे भांडवलच लागत नाही, आणि दुसरी, जी आपले बियाणे खात आहे. शंभराच्या वर गेलेले प्रमाण एखाद्या वर्षी समजू शकते. तीन वर्षे सलग दिसले तर यादी बाजूला ठेवावी.

दर चढला, की भाव पडला?

उत्पन्न दर हा भागाकार आहे आणि भागाकार दोन प्रकारे मोठा होतो : वरचा आकडा वाढला किंवा खालचा घटला. दुसरा प्रकार अधिक वेळा घडतो. धंद्यावर संकट दिसू लागते, जाणकार विकू लागतात, भाव निम्म्यावर येतो; लाभांशाचा आकडा मात्र मागच्याच वर्षीचा असतो, त्यामुळे चार टक्क्यांचा दर बसल्या जागी आठ होतो आणि यादीत नाव वर चढते. घरभाड्याच्या भाषेत सांगायचे तर फ्लॅटचे भाडे तेच आहे, पण इमारत मोडकळीस आली म्हणून किंमत अर्धी झाली आहे आणि दलाल आपल्याला ‘भाड्याचा परतावा दुप्पट’ असे सांगतो आहे.

कोल इंडियाचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. (नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स ही तिचीच उपकंपनी, त्यामुळे विदर्भातल्या अनेक घरांत हा शेअर आपलेपणाने घेतला गेला असल्यास नवल नाही.) २०१० मध्ये २४५ रुपये भावाने त्याची पहिली जाहीर विक्री झाली. २०१५-१६ मध्ये कंपनीने प्रतिशेअर २७ रुपये ४० पैसे दिले. २०१९-२० मध्ये १२ रुपये. भाव २०१५ च्या ऑगस्टमध्ये ४०० च्या वर होता आणि २०२० मध्ये १५० च्याही खाली गेला. पहिल्या दहा वर्षांतल्या लाभांशाची बेरीज १५० रुपयांच्या पुढे जाते हे खरे, तरी २०२० मध्ये ज्याला पैशांची निकड होती त्याने दहा वर्षे थांबून जेमतेम मुद्दल सोडवली. ज्याला थांबता आले त्याचे चित्र निराळे दिसले, कारण लाभांश पुन्हा वाढत गेला आणि २०२४ मध्ये भाव ५०० च्या पुढे गेला. कोळसा, धातू, तेल हे धंदे पावसासारखे आहेत. ओला दुष्काळ आणि कोरडा दुष्काळ दोन्ही येतात. असे शेअर घेऊ नयेत असे मी म्हणणार नाही, पण महिन्याच्या किराण्याचा खर्च त्यांच्यावर टाकू नये.

नेहमीचे वेतन आणि दिवाळीचा बोनस

उलट दिशेची चूकही होते : चांगली, स्थिर कंपनी आकड्यांच्या चढउतारामुळे बेभरवशाची वाटते. टीसीएसचा लाभांश २०२२-२३ मध्ये ११५ रुपये, २०२३-२४ मध्ये ७३ आणि २०२४-२५ मध्ये १२६ होता. नुसते पाहिले तर हा झोका वाटतो. पण त्यात अनुक्रमे ६७, १८ आणि ६६ रुपयांचा ‘विशेष’ लाभांश होता, म्हणजे साठलेली जादा रोकड एकदाच वाटली होती. तो वेगळा काढला की ४८, ५५, ६० अशी रांग दिसते, आणि त्याच्या आदल्या वर्षीचा आकडा आहे ४३. नोकरी बघताना मूळ वेतन आणि दिवाळीचा बोनस आपण वेगवेगळे मोजतोच. इथेही तेच करावे आणि विसंबावे ते वेतनावर. दहा वर्षांचे आकडे एका कागदावर लिहून विशेष लाभांश खोडून काढणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि माझ्या मते या विषयातले सर्वांत उपयोगी काम तेच आहे.

इथे आलेली नावे उदाहरणापुरती आहेत. खरेदीची शिफारस म्हणून ती वाचू नयेत.

अहवालातले एक पान

नफा हा हिशेबनिसाचा आकडा असतो आणि लाभांश रोखीत द्यावा लागतो. या दोहोंतले अंतर किराणा दुकानदाराला समजावून सांगावे लागत नाही : महिन्याला लाखाचा माल खपला, वहीवर वीस हजार नफा दिसला, पण त्यातला बराचसा उधारीत अडकला असेल तर घरखर्चाला गल्ल्यात काय आहे?

कंपनीच्या वार्षिक अहवालात रोख प्रवाहाचे विवरणपत्र म्हणून एक पान असते. अहवाल तीनशे पानांचा असला तरी आपल्याला त्या पानावरच्या तीनच ओळी पाहायच्या आहेत. पहिली, कामकाजातून आलेली निव्वळ रोकड. दुसरी, यंत्रे, इमारती वगैरेंच्या खरेदीवर गेलेली रक्कम. तिसरी, खालच्या भागात असलेली, दिलेल्या लाभांशाची रक्कम. समजा, एका कंपनीत धंद्यातून ९०० कोटी आले, यंत्रांवर ३५० गेले, ५५० उरले आणि त्यातून ३०० लाभांश दिला. कर्ज फारसे नसेल तर ही कंपनी निवांत आहे. दुसऱ्या कंपनीने ४०० कोटी नफा दाखवला आणि २०० कोटी लाभांश दिला. वाटप प्रमाण पन्नास टक्के, म्हणजे कागदावर अगदी शहाण्यासारखे. पण कामकाजातून आलेली रोकड फक्त २२० कोटी आहे, कारण गिऱ्हाइकांकडून येणे वाढले आहे. यंत्रांवर १५० गेले, उरले ७०. मग २०० कुठून दिले? त्याच पानावर जरा वर ‘कर्जाऊ रकमा’ अशी ओळ असते. तिथे उत्तर सापडते.

एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये. मोठा कारखाना उभा राहत असेल तर एक-दोन वर्षे रोकड कमी पडणारच. पाच-सात वर्षांची बेरीज करावी आणि त्या बेरजेतून लाभांश निघाला का ते पाहावे. शिवाय एकूण कर्ज आणि व्याजाचा बोजा पाहावा, कारण वाईट वर्षी सावकार आधी आणि भागधारक शेवटी जेवतो. रोज लागणाऱ्या वस्तू विकणाऱ्या कंपन्या, किंवा पॉवर ग्रिडसारख्या, ज्यांचे दर वीज नियामक ठरवून देतो अशा कंपन्या या कसोटीवर बऱ्यापैकी टिकतात. बँका आणि वित्तसंस्थांना मात्र हे पान असे लावता येत नाही, कारण कर्ज घेणे आणि देणे हाच त्यांचा धंदा आहे.

“सरकारी कंपनी आहे, मग काळजी कशाला?”

सरकारी कंपन्या लाभांश उदारपणे देतात यात शंका नाही, आणि त्याचे कारणही उघड आहे : सर्वांत मोठा भागधारक सरकार आहे आणि त्याला अर्थसंकल्पासाठी पैसा हवा असतो. केंद्राच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा कंपन्यांनी करोत्तर नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या ४ टक्के, यांतले जे अधिक असेल तेवढा लाभांश निदान द्यावा, अशी अपेक्षा आहे. पण हा नियम लाभांशाची हमी देत नाही. नफा घटला की त्याचा तिसरा हिस्साही घटतो, आणि त्याच मालकाने उद्या आपले शेअर बाजारात विकायला काढले तर भावावर दडपण येते.

नियामकाचा हातही विसरू नये. एप्रिल २०२० मध्ये, महासाथीच्या सुरुवातीला, रिझर्व्ह बँकेने २०१९-२० च्या नफ्यातून लाभांश न देण्याचा आदेश सर्व बँकांना दिला. बँका चांगल्या होत्या की वाईट, हा प्रश्नच त्यात नव्हता. एकाच क्षेत्रातले पाच शेअर घेऊन आपण जोखीम विभागली, असे मानणाऱ्यांना त्या वर्षी पाचही ठिकाणांहून काही आले नाही.

“पण दोन-अडीच टक्क्यांत भागायचे कसे?”

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर तुमच्या वयावर अवलंबून आहे. एक लाख रुपयांवर एक कंपनी ८,००० रुपये देते आणि तो आकडा वर्षानुवर्षे तिथेच राहतो. दुसरी २,५०० देते, पण दरवर्षी बारा टक्क्यांनी वाढवते. दहा वर्षांनी दुसरीचा आकडा सुमारे ७,७६५ होतो आणि अकरा वर्षांनी ८,७००, म्हणजे पहिलीला मागे टाकून पुढे जातो. महागाई सहा टक्के धरली तर पहिलीच्या ८,००० ची खरेदीची ताकद बारा वर्षांत निम्मी झालेली असते. बारा टक्के वाढ अनेक वर्षे टिकवणे सोपे नाही, हेही इथेच सांगायला हवे. म्हणूनच ज्याला पंचविसाव्या-तिसाव्या वर्षापासून थांबायचे आहे त्याने वाढता लाभांश शोधावा, आणि ज्याला आजच्या औषधपाण्यासाठी पैसा लागतो त्याने पुढच्या काही वर्षांच्या खर्चाएवढी रक्कम ठेवीत किंवा टपाल खात्यातच ठेवावी. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा संरक्षण आहे; शेअरला तसे काहीही नाही.

लाभांश न देणारी कंपनी वाईट, असेही समजू नये. डी-मार्ट चालवणारी अॅव्हेन्यू सुपरमार्ट्स २०१७ मध्ये बाजारात आली आणि नंतर कित्येक वर्षे तिने लाभांशापोटी एक पैसाही दिला नाही. नफा नव्या दुकानांत घातला. आंब्याची कलमे लावण्याच्या वयात जो फळे विकायची घाई करत नाही, त्याच्यासारखे ते आहे. फक्त असा शेअर या लेखाच्या कामाचा नाही.

“त्यापेक्षा म्युच्युअल फंडाचा लाभांश पर्याय?”

त्या पर्यायाचे नाव सेबीने २०२१ पासून बदलून ‘उत्पन्न वाटप तथा भांडवल परतफेड’ अशा अर्थाचे केले, आणि नावातच उत्तर आले आहे : मिळणाऱ्या पैशात तुमची मुद्दलही असू शकते.

कराचा वाटा

२०२० पूर्वी कंपनीच लाभांश वितरण कर भरायची आणि बहुतेकांच्या हाती पैसा करमुक्त यायचा. १ एप्रिल २०२० पासून तो कर गेला आणि लाभांश तुमच्या इतर उत्पन्नात मिळून तुमच्या टप्प्याच्या दराने करपात्र झाला. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या नोकरदाराला उपकरासह ३१.२ टक्के द्यावे लागतात, म्हणजे आठ टक्क्यांचा दर हाती येईपर्यंत साडेपाच होतो. त्याउलट वर्षाहून अधिक काळ ठेवलेले शेअर विकून झालेल्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे, साडेबारा टक्केच कर आहे. त्यामुळे भरघोस पगार असणाऱ्याने केवळ लाभांशासाठी शेअर घेणे मला तरी पटत नाही. निवृत्तांचे गणित वेगळे आहे : नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, आणि लाभांश त्या हिशेबात बसतो. एका कंपनीकडून वर्षाला दहा हजारांहून अधिक लाभांश मिळाला तर ती दहा टक्के कर आधीच कापते. तो विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण विवरणपत्र भरावे लागते.

किती कंपन्या, आणि कागद कुठे

वेगवेगळ्या धंद्यांतल्या दहा ते पंधरा कंपन्या पुरेत. त्यांहून अधिक घेतल्या तर ते अहवालातले पान कोणी वाचणार नाही, आणि पाचांहून कमी असतील तर एकीने लाभांश थांबवला की घरातला चहा कडू होतो. मिळालेला लाभांश लागत नसेल तर त्याच यादीत पुन्हा गुंतवावा. वर्षातून एकदा, शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये अहवाल येतात तेव्हा, त्या तीन ओळी पुन्हा पाहाव्यात. लाभांश कापला गेला तर कारण वाचावे आणि कारण न पटल्यास विकून मोकळे व्हावे.

कंपनीने लाभांश जाहीर केल्यापासून तीस दिवसांत तो द्यायचा असतो. पण बँक खाते बदललेले, पत्ता जुना, कागदी प्रमाणपत्रांवर पॅनची नोंद नाही, अशा कारणांनी तो पोचत नाही आणि सात वर्षे पडून राहिला की केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत (आयईपीएफ) जातो. सलग सात वर्षांचा लाभांश न उचलल्यास शेअरही तिथेच जातात. माझ्या वडिलांच्या कपाटात, धुतलेल्या पंचांच्या घडीखाली, एका खाकी लिफाफ्यात अशी अकरा लाभांश पत्रे निघाली. कुठे अठरा रुपये, कुठे बेचाळीस. एवढ्यासाठी बँकेत कोण जाणार, म्हणून ती तशीच राहिली होती. त्या रकमा गेल्याचे दुःख नव्हते, पण त्यांच्यामागे शेअरही गेले होते, आणि अकरा वर्षांत ते कंपनीने मोफत दिलेले बोनस शेअर धरून चौपट झाले होते. ते परत मागायला आयईपीएफ-५ नावाचा अर्ज असतो, त्याला वारसाचे दाखले जोडावे लागतात, आणि आमची फाइल अजून फिरते आहे.